माइक घेतला, व्हिडिओ केले, तरी बीएडची मुलं नाराज का?

पत्र

मी तालुक्याच्या गावी एका बीएड कॉलेजात शिकवते. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) सुरू झाली की आमचे छात्राध्यापक, म्हणजे बीएडचे विद्यार्थी, आसपासच्या शाळांमध्ये पांगतात. त्या काळात दोन पेपरचे तास आम्ही रात्री आठला ऑनलाइन घेतो आणि काही सराव पाठ मोबाइलवर चित्रित करून मागवतो. मी पदरमोड करून माइक आणि रिंगलाइट घेतला, घटकवार व्हिडिओ केले, पीपीटी सजवल्या. सत्राअखेर समाधानाचा फॉर्म भरून घेतला, तर मला पाचपैकी तीनसुद्धा मिळाले नाहीत. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना स्क्रीन शेअर करायला अजून मुलांची मदत लागते, व्हिडिओ एकही नाही, सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर. मुलं त्यांच्यावर मात्र खूश. प्राचार्य म्हणतात, नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन तोंडावर आलंय, आकडा सुधारा. या मुलांना नेमकं हवंय तरी काय? की ऑनलाइन बंदच करून टाकावं?

— एक प्राध्यापिका, मराठवाडा

उत्तर

नमस्कार मॅडम,

सुरुवात तुमच्या त्या सहकाऱ्यांपासून करू, कारण पत्रातला सगळ्यात बोलका भाग त्यांच्याबद्दलचा आहे. त्यांच्या व्हॉइस नोटमध्ये असतं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा कधी विचारलंही नसेल. उद्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी विचारून बघा. माझा अंदाज सांगते: त्यात मुलाचं नाव असणार, त्याच्या पाठातला एखादा नेमका प्रसंग असणार आणि ‘पुढच्या वेळी असं करून बघ’ असं काहीतरी असणार. तसं नसेल आणि सर नुसते सढळ हाताने गुण देत असतील, तर माझा पुढचा निम्मा सल्ला रद्द समजा.

बीएडला आलेल्या माणसाला शेवटी एक काम शिकायचं असतं: वर्गभर मुलांसमोर उभं राहून पस्तीस मिनिटांचा तास निभावणं. ते कसं शिकवायचं, याची रीत आपल्याकडे कधीच ठरलेली आहे. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ, १९६३ च्या सुमारास अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संस्थेने त्याचं भारतीय रूप बसवलं आणि ते ३६ मिनिटांचं चक्र तुम्ही विद्यार्थी असताना पाठ केलेलंच असणार. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुनर्पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. जरा हिशेब मांडा. शिकवणं १२ मिनिटांचं आणि कुणीतरी सांगणं, ऐकून घेणं, बदल करणं २४ मिनिटांचं. हेच काम मोबाइलवर गेलं तेव्हा मुलीने सहा मिनिटांचा पाठ चित्रित करून पाठवला. उरलेली तीस मिनिटं कुठे गेली? ती ऑनलाइन झालीच नाहीत, ती गळून पडली. तुमच्या मुलांची नाराजी मला तरी तिथेच दिसते. माइकचा संबंध फार थोडा आहे.

एका पाठाच्या मागे काय काय चालतं ते बघा. समजा, विज्ञान पद्धतीची मुलगी आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीवर पाठ घ्यायचा आहे. ती आदल्या रात्री टाचण लिहिते. सकाळी शाळेत पुस्तकांचा गठ्ठा बाकावर रचून त्याला मोबाइल टेकवते, तर खिडकी मागे येते आणि चेहरा काळा पडतो. बाक फिरवते. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत उरकायचं असतं. मुलं फळ्याकडे बघायचं सोडून मोबाइलकडे बघून हसतात. पाठ संपतो, फाइल इतकी जड होते की गुगल क्लासरूमवर चढतच नाही. मग व्हॉट्सॲपवर पाठवते, तिथे ती आपोआप दाबली जाते आणि फळ्यावरचं अक्षर वाचता येत नाही. एवढं सगळं झाल्यावर दहा दिवसांनी त्या व्हिडिओखाली एक अंगठा उमटतो. नाहीतर ‘गुड. आवाज वाढवा.’

तिला पाचपैकी किती द्यावेसे वाटतील?

याच पाठावर दुसऱ्या दिवशी असं काही आलं असतं तर? ‘तिसऱ्या मिनिटाला तुम्ही विचारलंत, पानाला हिरवा रंग कशामुळे येतो? आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत हरितद्रव्य असं फळ्यावर लिहूनही टाकलंत. खिडकीजवळच्या मुलाचा हात अर्धा वर आला होता, तो त्याने खाली घेतला. पुढच्या पाठात प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा आणि तो भाग तेवढा परत पाठवा.’ बोलायला हे मिनिटभराचं काम आहे. यात शास्त्रही आहे: मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. (ऑनलाइन तासाला तर तीन सेकंदही पुरत नाहीत, माइक चालू करण्यातच तेवढे जातात. ‘कुणाला शंका? नाही? ठीक आहे, पुढे जाऊ’ हे आपण सगळ्याच एका दमात म्हणतो.)

आता तुम्ही म्हणाल, ५० मुलांना असं उत्तर कोण देणार? रास्त आहे. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या हिशेबाने एक तुकडी ५० ची. पाठ बघायला आणि बोलायला मिळून दहा मिनिटं धरली, तरी एका फेरीला आठ तासांहून जास्त लागतात. म्हणून पाठांची संख्या कमी करा. पाच पाठ मागवून पाचही न बघण्यापेक्षा दोन मागवा, दोन्ही बघा आणि त्यातला एक दुरुस्त करून परत घ्या. पूर्ण तासाचा व्हिडिओ नको, सहा मिनिटांचा एकच तुकडा, एकच कौशल्य. पद्धतीनुसार काम वाटून घेता येईल, मराठीचे पाठ मराठीच्या मास्तरांकडे. आणि चौघा-चौघांचे गट करून आधी एकमेकांचे पाठ बघायला लावा. निरीक्षण तक्ता तोच कागदावरचा, पण ‘समाधानकारक’ या रकान्यावर बंदी. वर्गातल्या मुलांचे चेहरे व्हिडिओत येणार असतील तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी हवी, किंवा मोबाइल वर्गाच्या मागे ठेवून फक्त शिकवणारी व्यक्ती आणि फळा येईल असं बघा. असे व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरणं बरं नाही.

तुम्ही जे व्हिडिओ केलेत, त्यांच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. पियाजे, वायगॉट्स्की, मूल्यमापनाचे प्रकार यांवर स्वयम आणि दीक्षा या सरकारी संकेतस्थळांवर साहित्य पडून आहे. ही दोन्ही व्यासपीठं २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणजे नवी राहिलेली नाहीत. स्वयमच्या अभ्यासक्रमांची तर रचनाच अशी आहे की व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा या चारही गोष्टी असाव्या लागतात. पियाजेवर तुमच्यापेक्षा बरा व्हिडिओ करणारं कुणीतरी सापडेल. त्या विज्ञानाच्या मुलीचा पाठ बघून बोलणारं माणूस मात्र तुमच्याखेरीज कुणी नाही. तुमचे तास मर्यादित आहेत आणि ते चुकीच्या खात्यावर खर्च होताहेत, एवढंच म्हणणं आहे.

तुम्ही अभ्यासू आहात, म्हणून दोन संशोधनांचा उल्लेख करते. दूरशिक्षणात विद्यार्थ्याचा संवाद तीन जणांशी होतो, आशयाशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायींशी, ही मांडणी मायकल मूर यांनी १९८९ मध्ये केली. ऑनलाइन समाधानाचे बहुतेक अभ्यास आजही तिच्यावर उभे आहेत. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या समाधानाशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते आशयाशी होणाऱ्या संवादाचं, त्याखालोखाल शिक्षकाशी. सहाध्यायींशी होणाऱ्या संवादाचा फारसा संबंध दिसला नाही. तुमच्या प्राचार्यांना हे दाखवलंत तर ते म्हणतील, बघा, साहित्य सुधारा! पण तिथे आशय म्हणजे वाचायचा, समजून घ्यायचा मजकूर होता. सराव पाठाच्या बाबतीत आशय म्हणजे त्या मुलीचा स्वतःचा पाठ. त्याच्याशी तिचा संवाद व्हायचा तर कुणीतरी तो तिला परत दाखवायला हवा. बाहेरच्या अभ्यासांतले निष्कर्ष आपल्या बीएडला जसेच्या तसे चिकटवताना हा फरक सुटतो, आणि शोधनिबंधांत तर तो सर्रास सुटलेला दिसतो.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक मुद्दा मांडला होता: शिक्षक होऊ घातलेला माणूस प्रशिक्षणाला येण्यापूर्वीच शाळेत सुमारे १३,००० तास शिक्षकांकडे बघत बसलेला असतो. शिकवणं म्हणजे काय, याचं चित्र त्याच्या डोक्यात पक्कं झालेलं असतं. तुमच्या आजच्या मुलांचं ऑनलाइन शिकण्याचं चित्रही असंच पक्कं आहे, आणि ते २०२०-२१ मधलं आहे. लिंक आली, हजेरी लावली, कॅमेरा बंद, घरी बसून पर्यायी प्रश्नांची परीक्षा, पास. त्यामुळे लिंक उघडतानाच त्यांच्या मनात ‘हे काही खरं नव्हे’ असतं. शिवाय ही मुलं साधे विद्यार्थी नाहीत, उद्याचे शिक्षक आहेत. तास ऐकता ऐकता तुम्ही शिकवता कशा, याचंही निरीक्षण चाललेलं असतं. मूल स्वतःच ज्ञान घडवतं असं सांगणाऱ्या ज्ञानरचनावादावरचा तास साठ स्लाइड वाचून दाखवत घेतला की त्यातला विनोद त्यांच्या बरोबर लक्षात येतो. ते तुमच्यासमोर हसत नाहीत, फॉर्म भरताना हसतात. एखाद्या आठवड्यात तासाच्या सुरुवातीलाच सांगून टाका की आज मी असं का घेतेय, आणि शेवटी विचारा, तुमच्या आठवीच्या वर्गावर यातलं काय चालेल आणि काय आपटेल. तुमच्या पद्धतीची चिरफाड तुमच्यासमोर झाली तर तिचा राग आकड्यातून निघणार नाही.

रात्री आठची वेळ कुणी ठरवली? पत्रात तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण मी तिथे थांबले. बीएडच्या वर्गात मुली किती असतात आणि त्यातल्या लग्न झालेल्या किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आठ ही भाकरी थापायची वेळ आहे. दिवसभर शाळेत उभी राहिलेली, घरी येऊन पाणी भरलेली सून कानात इयरफोन घालून चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसते, चॅटमध्ये ‘प्रेझेंट मॅम’ लिहिते आणि तव्यावरचं बघते. घरच्यांच्या लेखी ती घरीच तर आहे. कॉलेजला निघून गेली की तिला कुणी हाक मारत नाही. घरात बसून शिकली की दर पाच मिनिटांनी मारतात. अशा बाईला ‘ऑनलाइन शिक्षणाबाबत आपण कितपत समाधानी आहात’ विचारलं तर ती कशाला गुण देते? तुमच्या व्हिडिओला नव्हे, त्या आठ वाजण्याला. आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करत असाल तर आजच थांबवा. एका खोलीच्या घरात कॅमेरा चालू करणं म्हणजे अख्खं घर वर्गासमोर मांडणं.

तुमच्या सहकाऱ्यांची व्हॉइस नोट इथेही जिंकते. ती रात्री साडेदहाला ऐकता येते, थांबवता येते, दोनदा ऐकता येते आणि तिला डेटा किरकोळ लागतो. तुमचा उत्तम प्रकाशातला पाऊण तासाचा व्हिडिओ बघायला मात्र दिवसाच्या दीड जीबीतला चांगला लचका तुटतो, आणि त्याच पॅकवर घरातली इतर दोन माणसंही हॉटस्पॉट घेऊन बसलेली असतात.

तांत्रिक अडचणींबद्दल फार लांबण लावत नाही. बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे, हे धरूनच चाला. सात रकान्यांचं पाठ टाचण मोबाइलवर टाइप करायला लावणं ही शिक्षा आहे. कागदावर लिहून फोटो पाठवू द्या. तुमच्या नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर मुलांच्या मोबाइलवर त्यांचा खिचडा दिसतो आणि ती बिचारी मुकाट्याने गाइड विकत घेतात. आडवी स्कॅन केलेली पीडीएफही तशीच. सूचना क्लासरूमवर, लिंक व्हॉट्सॲपवर, नोट्स टेलिग्रामवर आणि मुदतवाढ तोंडी, असा पसारा असेल तर तो एका जागी आणा. तंत्रज्ञान जमत नाही म्हणून मुलं असमाधानी आहेत असं आपण म्हणतो, पण ही मुलं त्याच मोबाइलवर रील कापतात, जोडतात, संगीत घालतात. त्यांना ॲप येतं. उद्याची लिंक कुठल्या गटावर येणार, ते कळत नाही.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, पण तिचा परिणाम तुमच्या आकड्यावर होतो. ‘याला पुढे किंमत आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक छात्राध्यापकाच्या डोक्यात असतो. शिक्षक पात्रतेची टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहे, आणि भरती कधी निघेल याचा नेम नाही. त्यात ‘ऑनलाइन’ म्हटलं की आणखी शंका. ती निराधारही नाही. शाळांमध्ये काम करणाऱ्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात बदल करून ३१ मार्च २०१९ ची मुदत दिली गेली. देशभरातल्या लाखो शिक्षकांनी एनआयओएस या मुक्त विद्यालय संस्थेमार्फत डीएलएड ही शिक्षक प्रशिक्षणाची पदविका केली, व्हिडिओ स्वयमवर आणि डीटीएच वाहिन्यांवर. पुढे त्या १८ महिन्यांच्या पदविकेच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांनी रात्री जागून ते पूर्ण केलं, त्यांच्या घरातलीच पुढची पिढी आज तुमच्या वर्गात असू शकते. तेव्हा एकदा स्पष्ट सांगून टाका: तुमची आंतरवासिता प्रत्यक्ष शाळेतच होतेय, २०१४ च्या एनसीटीई नियमांप्रमाणे पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ असे २० आठवडे, ऑनलाइन आहेत ते फक्त हे दोन पेपर, पदवीवर याचा काही परिणाम नाही. तुम्हाला हे उघड वाटतं. मुलांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता प्राचार्यांच्या आकड्याकडे येऊ. समाधान आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधी कधी त्या एकमेकांच्या उलट जातात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सफाईदार व्याख्यान, दुसऱ्याला तोच भाग स्वतः सोडवत, धडपडत. धडपडलेल्या गटाने चाचणीत जास्त गुण मिळवले, पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. म्हणजे तुम्ही उद्यापासून पाठ परत पाठवायला लागलात, पुनर्पाठ मागायला लागलात, तर पहिल्या महिन्यात कुरकुर वाढेल. ‘मॅडम फार त्रास देतात’ हे कानावर येईल. त्याच संशोधकांना असंही दिसलं की सुरुवातीलाच याचं कारण समजावून सांगितलं तर विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन बदलतो. तेवढं अर्ध्या तासाचं बोलणं सत्राच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, मधोमध नको.

आकडा झटपट वाढवायचे मार्ग आहेतच: प्रात्यक्षिकं कमी करा, तास लवकर सोडा, अंतर्गत गुण सैल करा. प्राचार्यांना ते चालतील, नॅकलाही कदाचित कळणार नाहीत. मी सुचवणार नाही. नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण थेट विद्यार्थ्यांच्या ईमेलवर जातं, तुमच्या गुगल फॉर्मचा त्याच्याशी संबंध नाही. मग हा फॉर्म स्वतःच्या उपयोगाचा तरी करा. सध्या त्यात काय विचारता? विषयज्ञान कसं, सादरीकरण कसं, तंत्राचा वापर कसा. बीएडचे अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याबद्दल मुलं ईमेल नोंदवणाऱ्या फॉर्मवर काय लिहिणार? तरीही तुम्हाला तीनच्या खाली दिले, म्हणजे एक तर ती फारच वैतागलेली आहेत किंवा तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. मला दुसरं वाटतं.

ईमेल नोंदवणं बंद करा आणि चारच प्रश्न ठेवा. तुमचा मागचा पाठ पाठवल्यावर किती दिवसांनी त्यावर काही ऐकायला मिळालं? त्या सांगण्यावरून पुढच्या पाठात काय बदललंत, एक उदाहरण द्या. तास चालू असताना तुम्ही कुठे होता आणि आणखी काय करत होता? कुठल्या गोष्टीसाठी कॉलेजात यायलाच हवं होतं असं वाटलं? उत्तरं सरासरीत घालू नका, वाचून काढा. पन्नास कागद वाचायला एक दुपार लागते. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्यांच्याकडे नाही, मुली आणि मुलगे, तालुक्यात राहणारे आणि वाडीवर राहणारे, असे गठ्ठे वेगळे करून वाचलेत तर नाराज नेमकं कोण आहे ते दिसेल. सगळेच सारखे नाराज असण्याची शक्यता कमी.

बंद करायचं का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. सोळा आठवडे मुलं शाळांमध्ये पांगलेली असताना आठवड्यातून एकदा सगळी भेटतात, ती भेट मोडू नका. व्याख्यान मात्र त्या वेळेतून काढून टाका. व्याख्यानाच्या दहा-बारा मिनिटांच्या ध्वनिफिती करून ठेवा, कुणी भांडी घासताना ऐकेल, कुणी एसटीत. तुमचा माइक इथे खरा कामी येईल. एकत्र भेटीचा तास रविवारी सकाळी किंवा मुली सांगतील त्या वेळी ठेवा. वेळ त्यांनाच ठरवू द्या, गुप्त मतदान घेऊन, कारण वर्गात हात वर करून विचारलंत तर मोठ्या आवाजाच्या मुलांची वेळ ठरते. त्या तासाला दरवेळी दोघांचे पाठ सगळ्यांनी मिळून बघायचे, अर्थात त्या दोघांच्या संमतीने, आणि पहिल्या आठवड्यात तुमचाच एखादा पाठ ठेवायचा. शाळेच्या वर्गावर घेतलेला, रिंगलाइट न लावता.

प्राचार्यांना सांगा, आकडा पुढच्या सत्राअखेर देते. तोवर दर महिन्याला एवढंच कळवा की किती पाठ आले आणि त्यांतल्या किती पाठांना दोन दिवसांच्या आत उत्तर गेलं. ही नोंद नॅकच्या फाइलमध्येही लावता येते, आणि त्या ज्येष्ठ सरांची नोंदही तिच्या शेजारीच लावा. इतकी वर्षं व्हॉइस नोटवर काम करूनही त्यांच्याकडे कागदी पुरावा बहुधा एकही नसणार.